देवाबद्दल काहीच बोलायचं नाही, मग प्रार्थना कुणाची करायची? (मायमोनिडीझ वाचताना अडकलेय)

अर्धविराम:

मंडळी, मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञान कुणी नीट वाचलंय का इथे? मी सध्या बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझचं (ज्यू लोक त्याला रामबाम म्हणतात) 'गाइड फॉर द परप्लेक्स्ड' वाचतेय, इंग्लिश भाषांतरातून, आणि पहिल्या भागातल्या ५० ते ६० या चॅप्टर्समध्ये पार अडकलेय.

त्याचं म्हणणं असं की देवाला कुठलाही गुण चिकटवायचा नाही. देव ज्ञानी आहे, सामर्थ्यवान आहे, जिवंत आहे हे आपण माणसाबद्दल ज्या अर्थाने बोलतो त्या अर्थाने देवाबद्दल बोलताच येत नाही. इथवर मला पटतंसुद्धा. पण तो इथे थांबत नाही ना, ५७व्या चॅप्टरमध्ये म्हणतो की देव आहे, पण अस्तित्वाशिवाय आहे, जिवंत आहे पण जीवनाशिवाय, जाणतो पण ज्ञानाशिवाय, आणि एक आहे तो पण एकपणाशिवाय. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं, पुढे जाववेना.

आणि हा काही कुठलातरी एकांतात बसलेला विचारवंत नाही. याच माणसाने त्याआधी 'मिश्ने तोरा' लिहिलंय, ज्यू कायद्याचे चौदा खंड, त्यात रोजची प्रार्थना कधी, कशी, कोणत्या दिशेला तोंड करून उभं राहून करायची हे सगळं बारीकसारीक आहे. ज्यू श्रद्धेची तेरा तत्त्वं म्हणतात तीही यानेच मांडली आणि त्यातलं पहिलंच तत्त्व देव आहे हे! मग हाताशी काय उरलं? ज्याच्याबद्दल एकही होकारार्थी वाक्य बोलता येत नाही असा देव, आणि देवच नाही असं म्हणणं, या दोन्हीत फरक कुठे आहे? प्रार्थनेत 'तू दयाळू आहेस' म्हणणारा माणूस त्याच्या हिशोबाने खोटं बोलतोय का? आणि माणसाचं सर्वात मोठं ध्येय देवाला जाणणं हे आहे असंही तोच परत परत सांगतो, तर जे जाणताच येत नाही ते जाणायचं कसं?

मला हे मनापासून समजून घ्यायचंय. त्याचं पुढचं सगळं या दहा-अकरा चॅप्टर्सवर उभं आहे असं वाटतंय म्हणून विचारतेय.

जुनी वही:

अर्धविराम, तुम्ही अडकलात ती जागा अगदी योग्य आहे, तिथेच अडकायला पाहिजे. गेली आठशे वर्षं लोक तिथेच अडकताहेत. मला जेवढं कळलंय तेवढं लिहितो, लांब होईल.

आधी त्याला कशाची भीती होती ते बघा. पहिल्या भागाचे सुरुवातीचे कितीतरी चॅप्टर्स फक्त बायबलमधल्या शब्दांवर आहेत, देवाचा हात, देवाचा चेहरा, देव बसला, देव उतरला, देवाने पाहिलं वगैरे. एकेक शब्द घेऊन तो सांगतो की इथे शरीर अभिप्रेत नाही. देवाला शरीर आहे असं मानणारे लोक त्याच्या काळात ज्यूंमध्येही होते आणि त्याच्या लेखी ही बारीकशी चूक नव्हती, ती मूर्तिपूजेपेक्षाही वाईट होती. हे झाल्यावर तो म्हणतो की शरीर नाही एवढं मानून भागत नाही. समजा तुम्ही म्हणालात देव आहे, आणि त्याला ज्ञान आहे, सामर्थ्य आहे, इच्छा आहे, आणि ही सगळी त्याच्या स्वरूपाहून वेगळी आहेत, तर तुम्ही तोंडाने एक म्हणताय आणि मनात अनेक मानताय. शरीराचे तुकडे गेले पण गुणांचे तुकडे आले. त्याला खराखुरा एक हवा आहे, ज्यात कुठलाच जोड नाही.

अस्तित्वाचा मुद्दा इथूनच येतो आणि तो त्याने इब्न सीना या पर्शियन तत्त्वज्ञाकडून (९८० ते १०३७) घेतलाय. आपल्या भोवतीची कुठलीही वस्तू घ्या, ती काय आहे हा एक प्रश्न आणि ती आहे का हा दुसरा प्रश्न. घोडा म्हणजे काय हे पूर्ण समजून घेतलं तरी त्यातून घोडा आहे हे निघत नाही, त्याला कुणीतरी किंवा कशाने तरी असणं मिळालेलं असतं. म्हणजे आपलं सगळ्यांचं असणं वरून मिळालेलं आहे, मिळालं नसतं तरी चाललं असतं. देवाचं तसं नाही, त्याला असणं कुठून मिळालेलं नाही, तो असणारच. त्यामुळे 'आहे' हा शब्द दोन्हीकडे तोच दिसला तरी आत काहीच सारखं नाही. 'अस्तित्वाशिवाय आहे' याचा अर्थ एवढाच की आपल्यासारखं, बाहेरून जोडलेलं अस्तित्व त्याला नाही. देव नाही असं तो म्हणत नाहीये, उलट बाकी सगळं नसतं तरी तो असता असं म्हणतोय. फक्त आपली भाषा त्या बाकी सगळ्यासाठी बनलेली आहे.

आता तुमचा प्रश्न, मग काहीच नाही आणि हा देव यात फरक काय. ६०वा चॅप्टर परत वाचा, त्यात दोन उदाहरणं आहेत आणि माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात सुंदर पानं ती आहेत. पहिलं जहाजाचं. एखाद्याला एवढंच माहीत आहे की जहाज नावाचं काहीतरी असतं. मग त्याला एकेक कळत जातं, ते खनिज नाही, प्राणी नाही, जमिनीला धरून उगवलेली वनस्पती नाही, दारासारखं सपाट नाही, गोल नाही, टोकदार नाही, आतून भरीव नाही. शेवटाला पोचेपर्यंत जहाजाची आकृती त्याच्या जवळजवळ हाताशी आलेली असते, एकही होकारार्थी वाक्य न बोलता. म्हणजे नकार सगळे सारखे नसतात, प्रत्येक नकार कमवावा लागतो. देवाला शरीर नाही हे तोंडाने म्हणणारा आणि ते का नाही हे सिद्ध करून समजलेला माणूस, हे दोघं देवापासून सारख्या अंतरावर नाहीत. म्हणून तर तो विद्यार्थ्याला आधी गणित, खगोल, तर्क शिकायला लावतो.

दुसरं हत्तीचं. एक माणूस विचारतो हत्ती कसा असतो, त्याला कुणी सांगतं की एक पाय, तीन पंख, समुद्राच्या तळाशी राहतो, अंग पारदर्शक, चेहरा माणसासारखा, बोलतो, कधी उडतो कधी पोहतो. मायमोनिडीझ म्हणतो हा माणूस हत्तीबद्दल कमी जाणतो असं नाही, तो हत्ती जाणतच नाही, त्याने नसलेल्या एका गोष्टीला हत्ती हे नाव दिलंय. देवाला गुण चिकटवणाऱ्याचंही त्याच्या मते हेच होतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाला त्याचं उत्तर थेट उलटं आहे, देव हातातून निसटतो तो होकारार्थी बोलण्याने, नकाराने नाही.

प्रार्थनेवर नंतर लिहितो, तो भाग वेगळा आहे.

खडूचा तुकडा:

मस्त धागा. हे वाचताना याज्ञवल्क्याचं नेति नेति डोक्यात आल्याशिवाय राहत नाही, बृहदारण्यकातलं. हेच तर आहे ना? हे नाही, ते नाही, असं करत शेवटी उरतं ते.

जुनी वही:

पद्धत सारखी दिसते हे खरं, पण पोचायचं ठिकाण वेगळं आहे. तिथे नकार करत करत जे उरतं ते आत्मा आहे, तुम्ही स्वतःच आहात. मायमोनिडीझकडे तुम्ही आणि देव यांच्यातलं अंतर नकारांनी मिटत नाही, उलट ते किती आहे ते प्रत्येक नकारासरशी जास्त कळतं. मोशेसारखा मोशे, ज्यूंचा सर्वात मोठा प्रेषित, त्यालासुद्धा देवाचं स्वरूप दाखवलं गेलं नाही (बायबल, निर्गम ३३), फक्त मार्ग दाखवले गेले. हा मोशेचा प्रसंग नीट लक्षात ठेवा, सगळं तिथे येऊन पोचतं.

उंबरठा:

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण मला हे सगळं फार हुशार वाटतं आणि तरी पटत नाही. आणि न पटणारा मी पहिला नाही.

लेवी बेन गेर्शोम म्हणजे गेर्सोनिडीझ (१२८८ ते १३४४), दक्षिण फ्रान्समधला. जबरदस्त गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, ताऱ्यांमधला कोन मोजायचं जेकब्स स्टाफ नावाचं उपकरण त्याने वर्णन करून ठेवलंय, चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. मायमोनिडीझबद्दल त्याला अपार आदर, पण १३२९ साली पूर्ण केलेल्या 'मिल्हमोत हाशेम' (देवाच्या लढाया) या ग्रंथात तो या मुद्द्यावर त्याला सरळ धरतो. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं, की देवाबद्दलचे 'जाणतो', 'आहे' हे शब्द आणि आपले शब्द यांच्यात फक्त उच्चार सारखा असेल, अर्थ मुळीच सारखा नसेल, तर तुम्ही देवाला शरीर नाही असं तरी कशाच्या जोरावर म्हणता? 'शरीर' हा शब्दही असाच संपूर्ण वेगळ्या अर्थाने लावला तर काय बिघडलं? 'जिवंत' चालतं आणि 'शरीर' चालत नाही, हा फरक तुम्ही करताय म्हणजे 'जिवंत' या शब्दात तुम्हाला काहीतरी अर्थ दिसतोय, काहीतरी धागा दिसतोय. आणि अर्थच नसेल तर देव आहे याची जी सिद्धता तुम्ही दुसऱ्या भागात देता ती तरी कशाची सिद्धता?

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. गेर्सोनिडीझचं स्वतःचं उत्तर असं की हे शब्द मुळात देवाचे आहेत, देवालाच पूर्णपणे लागू होतात, आणि आपल्याला दुय्यम अर्थाने. देवाचं ज्ञान कारण आहे, आपलं ज्ञान त्या कारणातून आलेल्या जगाकडे बघून मिळवलेलं आहे, पण दोन्ही ज्ञानच. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसही साधारण अशाच दिशेला गेला, तो मायमोनिडीझला 'रब्बी मोझेस' (रब्बी म्हणजे ज्यू धर्मपंडित) म्हणून नाव घेऊन उल्लेखतो आणि असहमत होतो, कारण देव चांगला आहे म्हणणाऱ्या माणसाला देव वाईट नाही एवढंच म्हणायचं नसतं.

पण यासाठी गेर्सोनिडीझने किंमत काय मोजली तेही सांगायला हवं. देवाचं ज्ञान आपल्या ज्ञानासारखं म्हटल्यावर तर्काचे नियम त्यालाही लागले. मग माणूस उद्या काय निवडेल हे देवाला आधी माहीत असेल तर माणसाची निवड खरी कशी? तो म्हणतो, माहीत नसतं. देव जगाची व्यवस्था जाणतो, नियम जाणतो, माणसाने त्या व्यवस्थेबाहेर जाऊन स्वतः केलेली निवड तो आधी जाणत नाही. नंतरच्या पारंपरिक लोकांना हे इतकं झोंबलं की त्याच्या पुस्तकाला 'देवाविरुद्धच्या लढाया' म्हणण्यापर्यंत गेले. मायमोनिडीझला हा प्रश्न पडतच नाही, त्याच्याकडे देवाचं ज्ञान आपल्या ज्ञानासारखं नाही म्हटलं की विषय मिटतो. मला विचाराल तर मला तो मिटवलेला वाटतो, सुटलेला नाही.

समईची वात:

तुमची सगळ्यांची चर्चा फार डोक्याची चाललीय, अर्धविरामने विचारलंय प्रार्थना कुणाची. त्यावर मायमोनिडीझच्या आधीच एकाने उत्तर दिलं होतं आणि मला ते आजही सगळ्यात जवळचं वाटतं. यहूदा हलेवी, स्पेनमधला कवी आणि वैद्य, ११४१ मध्ये गेला, म्हणजे मायमोनिडीझ तेव्हा अगदी लहान. त्याचं 'कुझारी' हे पुस्तक वाचा. गोष्टीची चौकट अशी, खझार नावाच्या तुर्की लोकांच्या राजाला स्वप्नात देवदूत सांगतो की तुझा हेतू देवाला आवडतो पण तुझं वागणं आवडत नाही. राजा एका तत्त्ववेत्त्याला बोलावतो, तो म्हणतो देवाला आवडनिवड असं काही नसतं, तो बदलत नाही, त्याला तू माहीतही नाहीस, तू आपली बुद्धी शुद्ध कर म्हणजे झालं. राजा म्हणतो, तुझं बोलणं ऐकायला पटण्यासारखं आहे पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. मग ख्रिश्चन, मुस्लिम यांना विचारून शेवटी ज्यू पंडिताला बोलावतो आणि तो पंडित जगाचा निर्माता, आदिकारण वगैरे काही न बोलता म्हणतो, माझा विश्वास अब्राहम, इसहाक आणि याकोबच्या देवावर, ज्याने इस्राएलच्या लोकांना इजिप्तमधून बाहेर काढलं.

बघा ना, व्याख्या नाही, सिद्धता नाही, एक घडलेली गोष्ट. पुढे चौथ्या भागात तो फरक उघड करून सांगतो, एक देव तर्काने सापडतो आणि एक चाखून, अनुभवून. ज्याने चाखलं तो त्याच्यासाठी जीव देतो, ॲरिस्टॉटलच्या देवासाठी कुणी कशाला जीव देईल, त्याला नाही मानलं तरी काय नुकसान आहे?

आणि हे लिहिणारा माणूस तत्त्वज्ञान न येणारा नव्हता, सगळं शिकलेला होता. म्हातारपणी स्पेन सोडून निघाला जेरुसलेमकडे, ११४० च्या सप्टेंबरात अलेक्झांड्रियाला पोचला. कैरोच्या गनिझात, म्हणजे सिनेगॉगच्या त्या जुन्या कागदांच्या कोठीत, या प्रवासाबद्दलची पत्रं सापडली आहेत. नकारांची शिडी चढणाऱ्या माणसाने आपलं घरदार सोडून असा समुद्र ओलांडला असता का, हे मला खरंच विचारावंसं वाटतं.

जुनी वही:

समईची वात, हलेवी मलाही आवडतो, पण शेवटचं वाक्य अन्यायाचं झालं. मायमोनिडीझ काही आरामखुर्चीत बसून नकार मोजत नव्हता. ११४८ मध्ये अल्मोहाद या कट्टर मुस्लिम राजवटीने त्याचं स्पेनमधलं गाव कोर्दोबा घेतलं, धर्म बदला नाहीतर निघा नाहीतर मरा, तेव्हा तो दहाच्या आसपास वयाचा. घर वर्षानुवर्षं भटकत राहिलं, मग मोरोक्कोत फेझ, ११६५ मध्ये बोटीने पॅलेस्टाइनमधलं एकर बंदर, शेवटी इजिप्तमध्ये फुस्तात. धाकटा भाऊ दावीद व्यापार करून घर चालवायचा, तो हिंदी महासागरात बोट बुडून गेला. त्यानंतर हा वर्षभर अंथरुणाला खिळून होता, आठ वर्षांनी लिहिलेल्या पत्रातही तो म्हणतो की अजून सावरलो नाही. त्याने वैद्यकी जी पोटासाठी धरली ती यानंतर, मग सुलतान सलाहुद्दीनच्या वजिराचा वैद्य झाला. ११९९ मध्ये 'गाइड'चा हिब्रू भाषांतरकार इब्न तिब्बोनला लिहिलेलं पत्र वाचा, रोज कैरोला जायचं, परत आलं की ओसरी पेशंटनी भरलेली, आडवं पडून औषधं सांगायची, रात्री बोलायचं त्राण नाही. 'गाइड' साधारण ११९० चं, म्हणजे हे सगळं झाल्यावरचं. भाऊ बुडालेल्या माणसाने देव दयाळू आहे हे वाक्य इतकं काळजीपूर्वक तपासावं यात मला कोरडेपणा दिसत नाही.

अर्धविराम:

हे भावाचं मला माहीत नव्हतं. वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

उंबरठा, गेर्सोनिडीझचा आक्षेप म्हणजे माझाच प्रश्न नीट मांडलेला आहे, धन्यवाद. जुनी वही, प्रार्थनेचं राहिलंय. दयाळू म्हणायचं की नाही?

जुनी वही:

म्हणायचं, पण कशाबद्दल म्हणतोय ते कळून. इथे मोशेचा प्रसंग येतो. मोशे दोन गोष्टी मागतो, तुझे मार्ग दाखव आणि तुझं तेज दाखव. दुसरी मिळत नाही, पहिली मिळते. आणि मग बायबलमध्ये जे येतं, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, ती सगळी मायमोनिडीझच्या मते (पहिला भाग, ५४) देवाच्या कृतींची विशेषणं आहेत, स्वरूपाची नाहीत. गर्भातल्या जीवाला सगळं लागेल ते मिळतं, जन्मल्यावर त्याची काळजी घेणारं कुणी असतं, आपण असं केलं असतं तर आपल्या मनात दया दाटून आली म्हणून केलं असतं. देवाच्या बाबतीत कृती तशीच आहे, म्हणून शब्द तोच, आतल्या भावनेबद्दल मात्र काही बोलायचं नाही. म्हणजे 'तू दयाळू आहेस' म्हणणारा खोटं बोलत नाही, तो जगाकडे बोट दाखवून खरं बोलतोय.

आणि स्तुती किती करायची याबद्दल तो तालमूदमधली (ज्यू पंडितांच्या चर्चांचा जुना ग्रंथ) रब्बी हनिनाची गोष्ट सांगतो (५९). एकजण प्रार्थनेत पुढे उभा राहून विशेषणांवर विशेषणं लावत सुटतो, महान, वीर, भयंकर, बलाढ्य, सामर्थ्यशाली. हनिना त्याचं संपेपर्यंत थांबतो आणि विचारतो, झाली का सगळी स्तुती करून? पहिली तीन विशेषणं आपण म्हणतो तीही तोरात (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) आहेत आणि ज्यू पंडितांच्या जुन्या सभेने प्रार्थनेत घातली म्हणून, नाहीतर तीही म्हणायची आपली छाती झाली नसती. एखाद्या राजाकडे लाखो सोन्याच्या मोहरा असाव्यात आणि लोकांनी चांदीसाठी त्याची वाहवा करावी, तसं हे. मायमोनिडीझ म्हणतो नीट बघा, राजाकडे लाख सोनं आणि लोक शंभर सोन्याची स्तुती करतात असं उदाहरण नाही दिलंय, धातूच वेगळा आहे. तिथेच तो बायबलच्या स्तोत्र ६५ मधली ओळ घेतो, तुझ्यासाठी मौन हीच स्तुती.

तरी प्रार्थना बंद करा असं म्हणत नाही. तिसऱ्या भागाच्या ३२व्या चॅप्टरमध्ये यज्ञबळींबद्दल त्याने जे लिहिलंय ते अंगावर येतं, की त्या काळी सगळं जग प्राण्यांचे बळी देऊनच पूजा करत होतं, ते एकदम तोडलं असतं तर माणसाच्या स्वभावाला झेपलं नसतं, म्हणून देवाने ती रीत राहू दिली आणि फक्त दिशा बदलली. आणि तो पुढे म्हणतो की आज एखाद्या प्रेषिताने येऊन प्रार्थना, उपास सगळं सोडा, नुसतं चिंतन करा म्हटलं तर जसं वाटेल तसं तेव्हा वाटलं असतं. एका कायदेपंडिताने हे लिहिणं किती धाडसाचं आहे! म्हणजे शब्दांची प्रार्थना ही माणसाची गरज आहे हे त्याला पूर्ण मान्य आहे, आणि गरज आहे म्हणून ती हलकी ठरत नाही.

पोस्टमन:

प्रार्थना आणि तत्त्वज्ञान जुळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी इब्न गबिरोल वाचावा. अकराव्या शतकातला, मलागात जन्मलेला, तरुणपणीच गेला. त्याचं 'जीवनाचा झरा' हे पुस्तक इतकं शुद्ध तत्त्वज्ञानाचं की त्यात बायबलचा एक शब्द नाही, लॅटिनमध्ये ते अविसेब्रॉन नावाने शेकडो वर्षं वाचलं गेलं आणि वाचणाऱ्यांना लेखक ज्यू आहे हेही माहीत नव्हतं, ते १८४६ मध्ये सॉलोमन मुंकने शोधून काढलं. आणि याच माणसाची 'केतेर मल्खुत' ही दीर्घ कविता अनेक ज्यू समाजांत योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, वाचतात. त्यात तो देवाला म्हणतो, तू आहेस, पण कानाला ऐकू येत नाहीस, डोळ्याला दिसत नाहीस, कसा, का, कुठून हे तुला लागू होत नाही. अर्धविरामला जे वाक्य वाचून पुस्तक मिटावंसं वाटलं, जवळपास तेच तिथे देवाला उद्देशून 'तू' म्हणून म्हटलंय. पुढे एका ठिकाणी तो म्हणतो, तुझ्यापासून पळून मी तुझ्याकडेच येतो. मला यापलीकडे उत्तर लागत नाही.

उंबरठा:

पोस्टमन, सुंदर. पण ज्ञानाचा प्रश्न शिल्लक आहे आणि तिथे क्रेस्कासचं नाव घेतल्याशिवाय धागा अपुरा राहील.

हस्दाई क्रेस्कास, बार्सिलोना आणि नंतर सारागोसा. १३९१ च्या स्पेनमधल्या ज्यूविरोधी दंगलींत त्याचा एकुलता एक मुलगा बार्सिलोनात मारला गेला, नुकतंच लग्न ठरलेला. हजारो ज्यूंनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यात तत्त्वज्ञान शिकलेले पुष्कळ होते. १४१० मध्ये पूर्ण केलेल्या 'ओर अदोनाय' (देवाचा प्रकाश) या ग्रंथामध्ये त्याने मायमोनिडीझच्या सिद्धतेचा पायाच खणला. मायमोनिडीझने देवाची सिद्धता ॲरिस्टॉटलच्या २६ गृहीतकांवर उभी केलीय, क्रेस्कास एकेक घेऊन तपासतो, अनंत असूच शकत नाही हे कशावरून, पोकळी असूच शकत नाही हे कशावरून. हे भौतिकशास्त्राच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे आणि सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ स्पिनोझा, त्याने एका पत्रात त्याचं नाव घेऊन उल्लेख केलाय.

पण मुख्य गोष्ट ही की बुद्धीने माणूस अमर होतो हे त्याने साफ नाकारलं. मायमोनिडीझच्या परंपरेत आत्म्याचं टिकणं हे मिळवलेल्या ज्ञानावर अवलंबून. क्रेस्कास म्हणतो मग ज्याने खगोल आणि तर्क शिकला नाही पण देवावर प्रेम करत जीव दिला त्याचं काय? देवाचा आनंद देण्यात आहे, माणसाचं पूर्णत्व प्रेमात आहे, आणि देवाला चांगुलपणा खरोखर आहे, शब्दापुरता नाही. ज्याने मुलगा गमावला त्याला हे बोलायचा अधिकार आहे असं मी म्हणेन, जसा जुनी वही भाऊ गमावलेल्याला त्याचा अधिकार देतात.

अर्धविराम:

मग मायमोनिडीझकडे शेवटी शहाणपण म्हणजे काय? नुसतं जाणणंच का?

जुनी वही:

शेवटचा चॅप्टर (तिसरा भाग, ५४) आधी वाचून टाका, बाकीचं राहू दे. तिथे तो माणसाची चार पूर्णत्वं सांगतो, संपत्तीचं, शरीराचं, नीतीचं आणि बुद्धीचं, आणि खरं फक्त शेवटचं म्हणतो. मग बायबलमधल्या यिर्मया प्रेषिताचं वचन घेतो, ज्ञान्याने ज्ञानाचा, बलवानाने बळाचा, श्रीमंताने संपत्तीचा गर्व करू नये, करायचा तर याचा करावा की तो मला ओळखतो. इथे संपवता आलं असतं. पण तो म्हणतो यिर्मया इथे थांबत नाही, पुढे आहे की मी पृथ्वीवर दया, न्याय आणि नीती करणारा आहे आणि यात मला आनंद आहे. म्हणजे देवाला जाणलेल्या माणसाने परत खाली येऊन या तीन गोष्टी करायच्या. मोशेला दाखवलेले मार्ग ते हेच. स्वरूप कळत नाही, कृती कळतात, आणि कृती करता येतात.

'गाइड'चं १९६३ मध्ये इंग्लिश भाषांतर करणाऱ्या श्लोमो पाइन्सने १९७९ च्या एका लेखात तर असं मांडलं की मायमोनिडीझच्या मते चंद्रापलीकडचं, म्हणजे आकाशातलं आणि देवाचं, काही माणसाच्या बुद्धीला खऱ्या अर्थाने कळतच नाही, म्हणून कृतीचं जगणं हेच माणसाला शक्य असलेलं पूर्णत्व. यावर अभ्यासकांची वादावादी झाली, कारण तिसऱ्या भागाच्याच ५१व्या चॅप्टरमध्ये राजवाड्याचा दृष्टांत आहे, कुणी शहराबाहेर, कुणी वाड्याकडे पाठ करून चालणारा, कुणी भिंतीभोवती फिरणारा, कुणी अंगणात आणि अगदी थोडे राजासमोर, आणि तिथे आत पोचणं हे ज्ञानानेच होतं. कायदा पाळणारे पण विचार न करणारे पंडित त्याने भिंतीबाहेरच ठेवलेत, यावरून त्याच्यावर केवढा राग झाला! १२३० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएमध्ये पुस्तकावर बंदी आणि जाळण्यापर्यंत गेलं प्रकरण.

मला स्वतःला पाइन्सचं सगळं पटत नाही. मिश्ने तोराच्या सुरुवातीलाच मायमोनिडीझ लिहितो की देवावर प्रेम करायचा रस्ता म्हणजे त्याच्या सृष्टीकडे नीट बघणं, बघितलं की माणूस ताबडतोब प्रेमात पडतो, जाणायची तहान लागते, आणि लगेच दचकून मागे सरतो की मी किती छोटा. इथे क्रेस्कासचं प्रेमही आहे आणि बुद्धीही आहे, एकाच वाक्यात. उंबरठा, यावर तुमचं काय?

उंबरठा:

तो उतारा मला आवडतो, पण त्यात प्रेम ज्ञानाच्या मागून येतं, तेवढ्याच प्रमाणात. जितकं जाणाल तितकं प्रेम, असं तोच त्याच खंडाच्या शेवटी म्हणतो. क्रेस्कासचा आक्षेप नेमका त्या प्रमाणावर आहे. अर्धविराम, तुम्ही ५१ आणि ५४ वाचलंत की लिहा, मला तुमचं मत ऐकायचंय, कारण या दोघांपैकी एक निवडणं मला अजून जमलेलं नाही.